बाजूच्या दाराला कुलूप नाही

आमच्या गावात पुढच्या दाराने फक्त पाद्री आणि व्हॅक्युम क्लीनर विकणारे येतात. बाकी सगळे बाजूच्या दाराने, बुटांवरचा बर्फ झटकत, न विचारता. त्या दाराला कुलूप आहे, पण त्याची किल्ली कुठे आहे हे मला आणि माझ्या नवऱ्याला, ड्वेनला, आज विचाराल तर सांगता यायचं नाही. बत्तीस वर्षांत ती कधी लागलीच नाही.

हे आधीच सांगते, कारण पुढे जे झालं ते या सवयीतूनच झालं. एकट्या ड्वेनला दोष देण्यात अर्थ नाही. थोडा देणार आहे.

मी घरी बसून टायपिंग करते. हॉस्पिटलातले डॉक्टर रुग्ण तपासून झाला की टेपवर बोलतात. ते मी कानाला हेडफोन लावून ऐकते आणि त्याचा रिपोर्ट तयार करते. गेली चौदा वर्षं गावातल्या कोणाचा गुडघा, कोणाची दारू, कोणाची झोप, सगळं माझ्या कानातून गेलंय. तोंडातून मात्र एक अक्षर बाहेर पडलेलं नाही, ड्वेनपाशीसुद्धा नाही. दुकानाच्या रांगेत कोणी काय नवीन म्हणून विचारलं की मी थंडी किती पडली ते सांगते. हॉस्पिटलला तशी सही करून दिलेली आहे, पण सहीपेक्षा लाज मोठी. एक शब्द जरी सुटला तरी नोकरी जाईल ती जाईल, मला या गावात तोंड दाखवायला जागा उरणार नाही.

ड्वेनने जन्मभर वायरिंगची कामं केली. अर्ध्या गावातले दिवे त्याच्या हातचे. निवृत्त झाल्यावर त्याने तळघरात स्वतःचा एक कॉम्प्युटर मांडला आणि पक्ष्यांच्या लाकडी घरट्यांचे नकाशे काढायला लागला. प्रिंटर वर माझ्या खोलीत. मग काय, दिवसातून सहा वेळा हा फ्लॉपी हातात घेऊन, गुडघा धरून जिना चढणार, आणि मी कोणाच्या तरी मूतखड्यात बुडालेली असताना खांद्यावर टकटक करणार. हिवाळा अर्धा झाला तेव्हा तो म्हणाला, दोन्ही कॉम्प्युटर जोडून टाकतो, खाली बसून वरती छापतो. मला बरंच वाटलं. जिन्यावरची धडधड तरी थांबेल.

बुधवारी त्याने शहरातून वायरलेसचा एक डबा आणला, वर दोन शिंगं असलेला. पण माझा कॉम्प्युटर त्याला दिसेना आणि त्याचा मला दिसेना. दोन दिवस तो मासिकातलं पान समोर धरून कधी टेबलाखाली, कधी तळघरात. घरभर वायर ओढली असती तर एव्हाना झालं असतं, असं त्याने मला चार वेळा ऐकवलं. गुरुवारी संध्याकाळी खालून आवाज आला, "दिसलं!" आणि माझ्या खोलीत एका निळ्या पक्ष्याच्या घरट्याचा नकाशा छापून बाहेर पडला. ड्वेनचं तोंड तेव्हा पाहण्यासारखं होतं. ते दिसायला त्याने काय काय उघडं टाकलंय, हे मी विचारलं नाही. माझी चूक तिथून सुरू होते.

शुक्रवारी दुपारी टेपवर डॉक्टरांनी रुग्णाचं आडनाव अक्षर अक्षर करून सांगितलं, जणू मला ते माहीतच नव्हतं. टॉर्गरसन. मर्ना टॉर्गरसन. समोरच्या घरातली. माझ्या खिडकीतून तिच्या स्वयंपाकघराचा दिवा दिसतो. तीस वर्षं आम्ही चर्चच्या तळघरात शेजारी शेजारी उभं राहून कॉफी ओततोय.

गाठ वाईट होती आणि पसरली होती. रुग्णाला सोमवारी दहा वाजता बोलावलंय, तेव्हा समोर बसवून सांगायचं, फोनवर नाही, असं डॉक्टर शेवटी म्हणाले. मी टाइप केलं, दोनदा तपासलं, फाइलला नेहमीसारखं रुग्णाचं आडनाव दिलं आणि ठेवून दिली. हेडफोन काढून ठेवला.

मग मी स्वयंपाकघरात गेले आणि ओव्हनमध्ये भाजायचा हॉटडिश केला. खिमा परतला, मश्रूमचं सूप ओतलं, फरसबी घातली, वर बटाट्याच्या गोळ्या रचल्या. घरच्यासाठी करते तो लहान पॅनमध्ये. त्या दिवशी काय मनात आलं कोण जाणे, मी मोठा काढला. त्या पॅनच्या बुडाला चिकटपट्टी आहे, तिच्यावर माझं नाव, कारण तो मयताच्या घरी जातो, आजाऱ्याच्या घरी जातो आणि महिन्याने धुऊन परत येतो. तो ओव्हनमधून निघाला की ड्वेनचा ठरलेला प्रश्न असतो. त्या दिवशीही त्याने मान वर न करता विचारलं, "कोण गेलं?"

कोणी नाही, फ्रीजमध्ये ठेवायला केलाय, असं म्हणून मी ताटं मांडली.

शनिवारी सकाळी मी खोलीत कपड्यांच्या घड्या घालत होते. ड्वेन माझ्यासमोरच खुर्चीत बसून मोजे चढवत होता. प्रिंटर गुरगुरला आणि एक पान बाहेर आलं. दोघांपैकी कोणीही कॉम्प्युटरला हात लावलेला नव्हता. मग दुसरं पान आलं. मग तिसरं. तिन्ही पानांवर एकच मजकूर: रविवारी तळ्यावर होणाऱ्या बर्फातल्या मासेमारीच्या स्पर्धेचे नियम, आणि खाली भरलेला अर्ज. नाव, ऑरिन टॉर्गरसन.

ऑरिन म्हणजे मर्नाचा नवरा.

ड्वेनने पान हातात घेतलं आणि तो इतका खूश झाला की मांडीवर थाप मारली. "रस्त्यापलीकडे पोचलं बघ. भिंतीतून, बर्फातून. त्या बारक्या डब्यात काय दम आहे!"

"ऑरिनचं इथे कसं छापलं?"

"त्याच्या पोराने नाताळात त्याला लॅपटॉप दिलाय ना. त्याने आपलं नेटवर्क धरलं असणार. आणि प्रिंटर ते मशीन आपणहून शोधतं. ऑरिनला पान दिसेना म्हणून त्याने तीनदा बटण दाबलं असेल, दुसरं काय."

"पासवर्ड नाही घातलास?"

"बाजूच्या दाराला आपण कुलूप लावतो का?"

मी घडी घातलेला टॉवेल पुन्हा उलगडला. नेटवर्कवर नक्की काय काय ठेवलंयस, प्रिंटरच ना, असं मी शक्य तितक्या सरळ आवाजात विचारलं. तो म्हणाला, एकेक फोल्डर निवडत बसायचं म्हणजे डोक्याला ताप, म्हणून तुझी अख्खी ड्राइव्हच शेअर करून टाकली. राखण करणारा प्रोग्राम मध्ये मध्ये येत होता, तोही बंद केला. हे सगळं त्याने मोठं शहाणपण केल्यासारखं सांगितलं.

माझी पाचावर धारण बसली. मी टेबलाखाली वाकले आणि त्या डब्याची वायर भिंतीतून उपटली. ड्वेन ओरडला की दोन दिवसांची मेहनत आहे ती. मी त्याला एवढंच म्हणाले की माझ्या मशीनमध्ये हॉस्पिटलची कागदपत्रं असतात, जरा डोकं वापर. मग त्याचाही चेहरा उतरला. कोणाची कागदपत्रं, हे त्याने विचारलं नाही. कधीच विचारत नाही, तेवढा तो चांगला आहे.

पण वायर आत्ता उपटून काय उपयोग? शुक्रवारी दुपारपासून शनिवारी सकाळपर्यंत ती फाइल रस्त्यावर पडलेली होती. ऑरिनने गंमत म्हणून लॅपटॉपवर दिसलेल्या माझ्या नावावर बोट दाबलं असेल, तर समोर यादी आली असेल आणि यादीत त्याचं स्वतःचं आडनाव. कोण उघडणार नाही? मी उघडली असती. माझ्या डोळ्यांपुढे ऑरिन दिसत होता, चष्मा कपाळावर सरकवून, एकटाच, बायकोच्या पोटात काय आहे ते माझ्या टायपिंगमध्ये वाचताना. आणि समजा त्याने उघडली नसेल, तर मी जाऊन विचारल्याने त्याला उघडावीशी वाटेल. विचारू तरी कसं, आणि न विचारता सोमवारपर्यंत जगू तरी कसं?

शेवटी ती तीन पानं द्यायच्या निमित्ताने जायचं ठरवलं. रिकाम्या हाताने कोणाच्या घरी जायची आम्हाला सवय नाही. फ्रीज उघडला, हाताला आलं ते उचललं, वर ती पानं ठेवली आणि रस्ता ओलांडला.

ऑरिन स्वयंपाकघरातच होता, लॅपटॉप टेबलावर, बाजूला मासेमारीच्या गळांचा पसारा. पानं बघून आधी तो चकित झाला आणि मग इतका हसला की त्याला खोकला आला. मी हॉटडिशचा पॅन शेगडीवर ठेवला आणि हसल्यासारखं केलं. अजून काही दिसतं का तुला तिथे आमच्याकडचं, असं मी विचारलं. माझा आवाज मलाच परका वाटला.

"दिसत होतं," तो म्हणाला. "इंटरनेट लॅपटॉपबरोबरच येतं असं मला वाटलेलं. काल एक चौकट आली, तिच्यात तुझं नाव. बोट लागलं तर भराभरा फोल्डर दिसायला लागले. बंद केलं बाई मी."

"बघितलं नाहीस?"

त्याने गळ खाली ठेवला. माझा प्रश्न त्याच्या जरा मनाला लागला होता. "आर्लिस, तुमचं बाजूचं दार उघडं असतं. म्हणून मी कधी तुमच्या झोपायच्या खोलीत शिरलोय का?"

तो खोटं बोलत नव्हता. ऑरिनला खोटं बोलता येत नाही, पत्त्यांत तो म्हणूनच हरतो. मी न विचारता खुर्चीत बसले. मग उद्याच्या स्पर्धेबद्दल, तळ्यावरच्या बर्फाच्या जाडीबद्दल मी उगाचच खूप बोलले.

मर्ना तळघरातून कपड्यांची टोपली घेऊन वर आली. मला बघून तिला आनंद झाला. मग तिची नजर शेगडीकडे गेली.

"हे काय आणलंस?"

"जास्तीचा झाला होता," मी म्हणाले.

तिने वरचा अ‍ॅल्युमिनियमचा कागद एका कोपऱ्यातून उचलून पाहिलं आणि पुन्हा दाबून बसवला. बरं झालं, आज स्वयंपाकाचा कंटाळाच आला होता, म्हणाली. उद्या चर्चमध्ये पॅन परत आणून देते, म्हणाली.

आणि माझ्या तोंडून निघून गेलं, "पॅनची घाई नाही."

हे वाक्य आम्ही एकाच प्रकारच्या घरात म्हणतो. मी आणि मर्नाने ते मिळून शंभर वेळा म्हटलं असेल, दारात उभं राहून, कोट न काढता, आतल्या माणसाचा हात धरून. ते आपोआप येतं. ते आलं, आणि माझ्या लक्षात यायच्या आधी तिच्या लक्षात आलं.

तिने टोपली खाली ठेवली. टोपलीतला ऑरिनचा एक मोजा काढून दुसऱ्याशी जुळवला. ऑरिन अर्जातली ओळ बोटाने वाचत होता.

"मला सोमवारी बोलावलंय," ती माझ्याकडे न बघता म्हणाली. "फोनवर काही सांगेनात."

मी काही बोलले नाही. चौदा वर्षं मी तोंड मिटून राहिले होते. त्या वेळी मिटलेलं तोंडच सगळं सांगत होतं. उघडून करणार तरी काय होते? माझे डोळे भरून आले आणि मी ते तिच्यापासून लपवू शकले नाही.

मला पोचवायला ती बाजूच्या दारापर्यंत आली आणि स्वतःही बाहेर येऊन दार ओढून घेतलं. थंडी अंगात शिरत होती, तिच्या अंगावर नुसता स्वेटर होता.

"मी तुला काही विचारलेलं नाही," ती म्हणाली. "आणि तू मला काही सांगितलेलं नाहीस."

"मर्ना, मी..."

"उद्या त्याची स्पर्धा आहे. तेवढी होऊ दे."

मी मान हलवली. तिने माझ्या कोटाचं वरचं बटण लावलं, लहान पोराचं लावतात तसं, आणि आत गेली.

घरी ड्वेन माझ्या टेबलाखाली पालथा पडलेला होता. डबा पुन्हा लागला होता. मला बघून तो धडपडत बाहेर आला आणि घाईघाईने सांगायला लागला, की ड्राइव्ह काढून टाकली, आता फक्त प्रिंटरच दिसतो, राखणवाला प्रोग्राम चालू केला, सतरा अक्षरांचा पासवर्ड घातला, आता मुंगीसुद्धा आत शिरायची नाही. माझी माफी मागायची त्याची हीच पद्धत आहे.

चांगलं केलंस, मी म्हणाले.

तो पाणी प्यायला स्वयंपाकघरात गेला. फ्रीज उघडल्याचा आवाज आला, मग बराच वेळ मिटल्याचा आला नाही.

"मोठा पॅन कुठाय?"

मी खिडकीशी जाऊन उभी राहिले. खिडकीतून समोरचा दिवा दिसत होता. ड्वेन माझ्या मागे येऊन उभा राहिला आणि त्यानेही तिकडे बघितलं. या वेळी त्याने कोण गेलं असं विचारलं नाही. थोड्या वेळाने त्याने भिंतीवरून कोट काढला, बूट घातले आणि बर्फ काढायच्या यंत्राची किल्ली घेतली. दुखणं आलेल्या घराचं अंगण शेजाऱ्याने साफ करायचं असतं.

"जाऊ नकोस," मी म्हणाले. "ऑरिनने सकाळीच काढलाय बर्फ."

"मग काय झालं?"

"ऑरिनला कळेल. सोमवारनंतर जा."

ड्वेन दाराशी तसाच उभा राहिला. मग खाली बसून एकेक करून बूट काढायला लागला.