थोरल्यांचं पाणी

माझ्या थोरल्या दिरांचं नाव आण्णासाहेब. बेचाळीस वर्षांत हे नाव मी तोंडानं घेतलेलं नाही. लिहिते आहे तेही आज पहिल्यांदाच. आमच्या ईट गावच्या घरात रीत अशी, की धाकट्या भावाच्या बायकोनं थोरल्या दिरासमोर उभं राहायचं नाही, पदर नाकापर्यंत ओढायचा, आणि काही सांगायचं झालं तर तिसऱ्या माणसाला सांगायचं. जाऊबाई होत्या तोवर ते तिसरं माणूस म्हणजे त्याच. मी म्हणायचे, "जाऊबाई, सांगा, ताट वाढलंय." थोरले चार हातांवर बसलेले असायचे. सगळं ऐकायचे आणि जाऊबाईंनाच म्हणायचे, "आलो म्हनावं." जाऊबाई, म्हणजे कमलबाई, वैतागायच्या. "दोघंबी बहिरं न्हाईत. मला कशाला मधी पोस्टमन करता?"

माझे मालक आधीच गेले होते; मग कमलबाईही गेल्या आणि आम्ही भिंतीशी बोलू लागलो. मी उंबऱ्याबाहेरून भिंतीला सांगायचे, भाकर झाली. ते आतून भिंतीला सांगायचे, कालवणात मीठ कमी हाय. बाहेरच्याला हसू येईल, पण आम्हाला त्यात काही वावगं वाटत नव्हतं.

माघात ते गोठ्यात घसरून पडले आणि खुब्याचं हाड मोडलं. बार्शीला ऑपरेशन झालं. घरी सोडताना तिथल्या डॉक्टरांनी बजावलं, उकिडवं बसायचं नाही. मग माझ्या मुलानं, इंद्रजितनं, भूमहून एक खुर्ची आणली. मधोमध भोक आणि खाली भांडं.

इंद्रजित एस.टी.त कंडक्टर आहे. पहाटे पाचला तो चुलत्याला खुर्चीवर बसवायचा, धुवायचा, पुसायचा, खाटेवर निजवायचा आणि भूमच्या डेपोत जायचा. परत येईपर्यंत रात्रीचे आठ वाजायचे. सून बाळंतपणाला वाशीला, माहेरी गेलेली. दिवसभर घरात आम्ही दोघंच. मधल्या पंधरा तासांत त्यांना लागलं तर काय, हे कुणी विचारलं नाही, मीही नाही. लघवीला प्लास्टिकचं भांडं आणलं होतं, पण त्यांचे हात थरथरायचे, सांडायचं. शिवाय ते रिकामं करायला मीच जाणार, म्हणून त्यांनी काठीनं ते खाटेखाली पार भिंतीपर्यंत ढकलून दिलं होतं.

चैत्रात त्यांना ताप आला. लघवीला आग होते, असं इंद्रजितला म्हणाले. भूमच्या डॉक्टरनं तपासलं आणि विचारलं, "पाणी किती पितात?"

मी दाराशी पाठ करून उभी होते. मीच उत्तर दिलं, "तीन तांबे. रोज."

मला ते खरंच वाटत होतं. मी तीनदा तांब्या भरून उंबऱ्याच्या आत सरकवायचे. काठीनं ओढून घेता येईल इतक्या जवळ. आणि तिन्ही वेळा तो रिकामा परत यायचा. डॉक्टरनं गोळ्या दिल्या आणि म्हणाला, मग कशानं होतंय बघू.

त्यानंतर पाच-सहा दिवसांनी मी घरामागं झाडायला गेले. चैत्राच्या उन्हानं सगळं परस भेगाळलेलं, कुठं हिरवी काडी नाही. थोरल्यांच्या खिडकीखाली मात्र वीतभर हरळी उगवलेली. दोन कोंबड्या तिथल्या ओलीत पोटं टेकून बसल्या होत्या. मी हाकललं तर उठेनात. त्यांच्या पायाखाली भाकरीचे भिजलेले तुकडे होते. मी केलेल्या भाकरीचे.

मी खराटा टाकून तिथंच खाली बसले. डॉक्टरला तीन तांबे सांगणारी मी होते.

रात्री इंद्रजितला सांगितलं. तो तडक आत गेला. मी भिंतीअलीकडं उभी राहिले.

"आण्णा, पाणी खिडकीतनं का वतताय?"

"तहान न्हाय मला."

"अशानं मूतपिंड जाईल तुमचं."

"जाऊ दे. पंच्याहत्तर वर्सं वापरलंय. नवं हाय का काय?"

"चेष्टा नगा करू. दिवसभर आई हाय की घरात. तिला हाक मारा."

मग थोरल्यांचा आवाज चढला. आजारी माणसाचा वाटू नये एवढा. "पुन्यांदा बोलू नगंस. माझ्या धाकट्याची बायको हाय ती. लेकीच्या जागी. तिनं माझं भांडं उचलायचं? वर गेल्यावर भाऊ इचारील, आण्णा, माझ्या बायकूला हे करायला लावलंस व्हय? काय सांगू त्याला?"

मी भिंतीला टेकून उभी. खरं सांगायचं तर त्या वेळी मला सुटल्यासारखं वाटलं. मलाही ते करायचं नव्हतं. सासूचं मी दोन वर्षं काढलं, पोरांचं काढलं, कधी किळस आली नाही. पण ज्या माणसापुढं मी तोंड उघडं केलं नाही, त्याच्या लुंगीची गाठ मी सोडायची, या विचारानंच माझ्या अंगावर काटा यायचा.

इंद्रजितनं शेजारच्या गोरोबाला गाठलं. दुपारी एकदा येऊन जा म्हणाला. गोरोबा मनानं चांगला, पण तोंडाचा सैल. आल्या आल्या मला म्हणायचा, "कडूवहिनी, पेशंट हाय का जाग्यावर?" आणि आत जाऊन, "सोसायटीच्या इलेक्शनला तुमी मला पाडलं, आन् आता म्याच तुमाला धरून उभा करतोय! बघा आण्णा, दिवस कसं असत्यात." पहिल्या दिवशी थोरलेही हसले. तीन दिवस त्यांनी पाणी प्यायलं. चौथ्या दिवशी कुणीतरी खिडकीतून सांगून गेलं, की गोरोबानं पारावर हेच सगळ्यांना साभिनय करून दाखवलं. थोरल्यांनी आतून भिंतीला सांगितलं, दाराला कडी लावा, आणि मी लावली. गोरोबा दार वाजवून वाजवून गेला.

मग जत्रेच्या जादा गाड्या सुटल्या आणि इंद्रजितला दोन दिवसांची ड्यूटी लागली. मुक्कामी. निघताना तो मला म्हणाला, "आई, काय करायचं ते तूच बघ." आणि माझ्याकडं न बघता गेला.

पहिल्या दिवशी मी तांब्या सरकवला, तो भरलेलाच राहिला. आता खिडकीतून ओतायचीही ताकद त्यांच्यात नव्हती. दुसऱ्या दिवशी दुपारी डोकावले तर ओठांना भेगा पडलेल्या, जीभ पांढरी. ते कमलबाईंशी बोलत होते. बैल पाण्यावर सोड, असं काहीतरी.

मी उंबऱ्यात उभी राहून भिंतीला म्हटलं, "पानी घ्या म्हनावं."

कुणी ऐकलं नाही. मी पदर पुढं ओढला आणि आत गेले.

खाटेजवळ बसले तशी त्यांची शुद्ध परत आली. त्यांनी तोंड भिंतीकडं फिरवलं आणि भिंतीला म्हणाले, "बाहीर जायला सांगा तिला."

"कोन सांगनार? हितं कुनी न्हाय. म्याच हाय," मी म्हटलं. पहिल्यांदा त्यांना, थेट. माझाच आवाज मला परका वाटला. "पानी प्या."

"न्हाय," ते भिंतीलाच म्हणाले.

"तुमच्या भावाचा जीव रानात गेला. घोटभर पानी पाजायला मला घावला न्हाय. त्यांनी इचारलंच वर, तर काय सांगनार? घरात बाई होती, तांब्या होता, आन् तरी म्या तहानंनं मेलो?"

पंखा करकरत होता. मग उशाचा टॉवेल त्यांनी चाचपला, दोन्ही हातांनी स्वतःच्या तोंडावरून ओढून घेतला, आणि आतून भिंतीलाच म्हणाले, "कुनी कुनाकडं बघायचं न्हाय."

टॉवेल नाकापर्यंत वर करून मी त्यांना पाणी पाजलं. निम्मं पोटात, निम्मं छातीवर. तासाभरानं त्यांचा पाय हलायला लागला. त्यांनी सांगितलं नाही, मीच ओळखलं. इंद्रजित जसा धरायचा तसं काखेत हात घालून उभं केलं. मला वाटलं होतं जड असतील. ज्वारीच्या कडब्याची पेंढी उचलावी तेवढंच वजन. त्यांच्या तोंडावर टॉवेल, माझ्या डोळ्यांवर पदर. त्यामुळं खुर्ची कुठं आहे तेच कळेना. पाय खुर्चीला आपटला, ते कळवळले. मी पदर मागं टाकला. डोकं उघडं करून मी त्यांना बसवलं, लुंगी सोडली.

थोडीशीच झाली. काढ्यासारखी काळपट. बरोबर बाकीचंही झालं, दोन दिवसांचं. ते टॉवेलखाली दात आवळून बसले होते. मी मग्यानं पाणी घातलं आणि हातानं धुतलं. पाटल्या वाजू नयेत म्हणून कोपरापर्यंत सारल्या होत्या, तरी वाजल्या.

"झालं," ते म्हणाले.

बेचाळीस वर्षांत मला थेट बोललेला हा त्यांचा पहिला शब्द.

निजवून भांडं धुवून आले आणि इंद्रजितला फोन लावला. रंग सांगितला. तो म्हणाला, रात्री येतो, उद्या भूमला न्यायचं, तोवर पाजत राहा. मी पुन्हा तांब्या भरला. थोरल्यांनी या वेळी हात पुढं केला. दोन्ही हातांनी धरून, ठसकत, सगळा तांब्या रिकामा केला. पाठीवरून हात फिरवावासा वाटला, फिरवला नाही.

तांब्या खाली ठेवला आणि लगेच त्यांनी टॉवेल तोंडावर ओढला. सरळ पडून राहिले, हात अंगालगत. जिवंत माणसानं असं निजू नये. मी टॉवेल हळूच गळ्यापर्यंत खाली घेतला.

"अजून येळ हाय त्याला," मी म्हटलं.

त्यांचे डोळे मिटलेलेच होते. कडांतून पाणी कानांकडं जात होतं. त्यांनी चाचपून टॉवेलाचं टोक धरलं आणि पुन्हा वर ओढलं.