एक माप मोठी

ही गोष्ट एकोणीसशे नव्व्याण्णव सालची. त्या वर्षी मी कारखान्यातून बाहेर पडले आणि त्याच वर्षी दोघी बहिणींच्या घरी आले. मित्रांनो, आज मी शिंपीकामाच्या एका बंद दुकानाच्या मागच्या खोलीत उभी असलेली जुनी सायकल आहे. टायर बसलेत, रंग उडालाय. पण तेव्हा माझा निळा रंग असा होता की रस्त्याने जाणारी माणसं काचेला नाक लावून बघायची.

माझं अंग ॲल्युमिनियमचं. नळ्या कापून, तापवून, एकमेकींना जोडून मला घडवलं. जोडणाऱ्या कारागिराने सांधे घासघासून इतके गुळगुळीत केले की बोट फिरवलं तरी जोड कुठे आहे हे कळू नये. ॲल्युमिनियमचा स्वभाव हलका, पण ताठ. पायडलवर पाय दाबला की सगळं बळ चाकात जातं, वाटेत काही सांडत नाही. मात्र रस्त्यावरचा एकेक खडाही ते स्वाराच्या मनगटाला सांगत बसतं. म्हणून माझं पुढचं चाक धरणारा फोर्क कार्बनचा केला, मागच्या नळ्या बारीक केल्या आणि थोडे रुंद टायर बसतील इतकी जागा ठेवली. वेगाने पळावं आणि बसणाऱ्याची हाडंही खिळखिळी होऊ नयेत, असा माझा घाट होता.

सायकलींच्या दुकानात मी बरेच दिवस उभी होते. लोक यायचे, घंटी नसलेली सायकल बघून हसायचे, आणि टोपलीवाली घेऊन जायचे.

मग एका दुपारी त्या दोघी आल्या. थोरली शिंपीण. केस घट्ट बांधलेले, गळ्यात मापाची टेप तशीच लोंबत होती, काढायचं भान नव्हतं. धाकटी अठरा वर्षांची, पण घरात तिला चिमणीच म्हणत. आई गेल्यावर थोरलीनेच तिला वाढवलं होतं. चिमणीला शहराच्या सायकलसंघात जागा हवी होती. वर्षातून एकदा तलावाला वळसा घालून लांबची चाचणी व्हायची आणि वीस वर्षांच्या आतल्या मुलींनाच तिच्यात उतरता यायचं. म्हणजे तिच्या हातात दोनच चाचण्या होत्या.

"मला पळणारी पाहिजे," चिमणी म्हणाली.

"आणि मला हिची पाठ धड राहायला पाहिजे," थोरली म्हणाली. "भाऊ, दोन्ही एकीत मिळेल का?"

दुकानदार हसला. त्याने आधी कार्बनची दाखवली, ती आवाक्याबाहेरची. मग पोलादाची दाखवली, ती चिमणीने एका हाताने उचलून बघितली आणि तोंड वाकडं केलं. शेवटी तो माझ्यापाशी आला.

"ही घ्या. ॲल्युमिनियम आहे, पण हट्टी नाही. टायरमध्ये हवा दगडासारखी भरू नका, बास. हिला मधलं माप बरोबर बसेल."

थोरलीने टेप काढली. चिमणीचे हात, पाय, खांदे, सगळं मापून झालं. पोरीला लाज वाटत होती. "ताई, ब्लाऊज नाही शिवायचाय," ती पुटपुटली.

"उभी राहा नीट." थोरलीने माझ्याकडे बघितलं, मग शेजारी उभ्या असलेल्या माझ्या धाकट्या बहिणीकडे. मी मोठ्या मापाची, ती मधल्या. "ही मोठी द्या."

"मोठी होईल ताई."

"होऊ दे की. अंग अजून भरायचंय हिचं. आणि आराम पाहिजे म्हटलं की जरा सैलच बरं. मी शाळेचे गणवेश शिवते भाऊ, आईबाप काय म्हणतात ते मला विचारा."

"अहो, हे कापड नाही. उसवून आत घेता येत नाही."

"तुम्ही सायकली विका, माप माझ्यावर सोडा."

दुकानदाराने हात जोडले. चिमणी माझ्यावर बसली. हँडलवरच्या ब्रेकच्या मुठींपर्यंत पोचायला तिला खांदे ओढून पुढे न्यावे लागले. ते मला कळलं, तिलाही कळलं. थोरली समोर उभी होती, डोळे असे चमकत होते की जणू तीच शर्यतीला निघाली होती.

"कशी वाटते गं?"

"मस्त आहे," चिमणी म्हणाली.

सुरुवातीचे महिने सुखाचे होते, खोटं का सांगू? पहाटे आम्ही बाहेर पडायचो. सपाट रस्त्यावर माझी चाकं गुणगुणायला लागली की चिमणीही गुणगुणायची. तिच्यासोबतच्या मुली माझ्यावरून हात फिरवायच्या. "कुणी निवडली?" असं विचारलं की ती ऐटीत सांगायची, "माझ्या ताईने."

पण तासाभराने ती गप्प व्हायची. मान अवघडायची. तळहात बधिर व्हायचे. मग ती हात हळूच मागे घ्यायची आणि हँडलच्या मधोमध धरायची, जिथून ब्रेक लांब राहतात. सपाटीवर ते चालून जायचं. उतारावर ती आधीपासूनच वेग कमी करायची. मी पळायला बनले होते, आणि प्रत्येक उतारावर मला माझ्याच स्वाराची भीती हँडलमधून जाणवायची. तिला काय होतंय हे मी सांगणार कशी? मला फक्त चाकांचा आवाज होता.

पहिल्या चाचणीत तलावाच्या पलीकडच्या उतारावर मुली आम्हाला एकामागून एक मागे टाकत गेल्या. प्रशिक्षक मोटारीतून ओरडत होते, "हात खाली घे! ब्रेकवर घे!" तिने घेतले. पण त्या ताणाने खांद्यात अशी कळ आली की तिने पुन्हा मागे ओढले. आम्ही पोचलो तेव्हा शेवटच्या रेषेवरची दोरी गुंडाळून झाली होती.

"पोरी, पायात वेग आहे तुझ्या," प्रशिक्षक म्हणाले. "पण छाती नाही."

घरी थोरली दारातच उभी होती. ऐकल्यावर ती एवढंच म्हणाली, "एवढी आरामशीर सायकल असून?"

चिमणीने मला भिंतीला टेकवलं. तिचा हात माझ्या सीटवर क्षणभर राहिला. मला वाटलं, आता बोलेल. तिने फक्त चपला काढल्या आणि आत गेली.

दुसऱ्या चाचणीचा दिवस आला, तेव्हा ती अंथरुणातून उठलीच नाही. थोरली दोनदा हाक मारून गेली. "मन उडालं माझं," एवढंच उत्तर आलं. "धरसोड वृत्ती आहे झालं," असं म्हणत थोरली मशीनवर बसली आणि त्या दिवशी तिने मशीन असं चालवलं की सुई मोडली. माझ्या जागेवरून मला दोघी दिसत होत्या. एकीची पाठ इकडे, दुसरीची तिकडे.

थोरलीने माझी हेळसांड केली असं मात्र मी म्हणणार नाही. तिने मला घरालाच जोडलेल्या आपल्या शिवणाच्या दुकानाच्या मागच्या खोलीत खुंट्यांवर टांगलं आणि माझ्यासाठी खोळ शिवली. सुटाच्या उरलेल्या कापडाची, आतून अस्तर लावलेली, हँडलला वेगळी, चाकांना वेगळी. अशी खोळ कुठल्याही सायकलला मिळाली नसेल. त्या खोळीत मी अंधारात राहिले. धूळ लागली नाही, ऊन लागलं नाही, वारा लागला नाही. मशीनची घरघर, कात्रीचा आवाज, गिऱ्हाइकांची बडबड कानी यायची. चिमणीचा आवाज हळूहळू कमी झाला. मग एक दिवस ट्रंक ओढल्याचा आवाज आला. तिला दूरच्या शहरात एका औषधांच्या प्रयोगशाळेत नोकरी लागली होती.

त्यानंतर संध्याकाळी मशीन थांबलं की घरात काहीच वाजायचं नाही. थोरली एकटी जेवायची. मधूनच "अगं, मीठ दे" म्हणायची आणि मग स्वतःच उठायची. भिंतीच्या अलीकडे मी, पलीकडे ती. दोघींनाही कुणी बाहेर काढत नव्हतं.

अशी बरीच वर्षं गेली. एका उन्हाळ्यात थोरलीने खोळ धुवायला काढली. कितीतरी काळाने उजेड माझ्या अंगावर पडला. ती फडक्याने मला पुसत होती. हँडलशी आली आणि थांबली.

माझ्या हँडलला काळी पट्टी गुंडाळलेली होती. मधोमध ती झिजून खालचा धातू दिसत होता. ब्रेकजवळ मात्र ती दुकानातून आणल्यासारखी कोरी होती. आता शिंपिणीला हे कुणी शिकवायला नको. कपडा काखेत विरला की ती गिऱ्हाइकाला न विचारता ओळखायची की तिथे दाटत होतं. तिने झिजलेल्या जागी हात ठेवला. मग कोऱ्या जागी ठेवला. मग परत झिजलेल्या जागी. आणि खाली फरशीवर बसली.

थोड्या वेळाने तिने फोन लावला.

"चिमणे, खरं सांग. सायकल मोठी होत होती तुला?"

पलीकडचं मला ऐकू येत नव्हतं. पण थोरलीचा हात पुन्हा झिजलेल्या पट्टीवर आला.

"मग बोलली का नाहीस गं? बाया शिलाई अर्धं बोट चुकली तर माझ्याशी भांडून जातात. आणि तू घरातली..."

मग थोरलीने ऐकलेलं स्वतःशीच म्हटलं, हळू, जणू ते खरं आहे का हे तपासत, "ताईचं माप चुकत नाही, म्हणजे मीच कमी पडते." तिने डोळ्यांना पदर लावला. "अगं वेडे, माझं चुकलं. माझं चुकलं होतं."

दुसऱ्या दिवशी ती मला हाताने ढकलत, मला जिथून घेतलं त्याच दुकानात घेऊन गेली. दुकानदार म्हातारा झाला होता. त्याने मला ओळखलं, थोरलीकडे बघितलं आणि पाना उचलला. हँडल धरणारा पुढचा दांडा काढून त्याने आखूड बसवला, सीट जराशी पुढे सरकवली, रुंद टायर चढवले. "सगळं आत घेता येत नाही," तो म्हणाला, "पण एवढं येतं."

चिमणी सुट्टीत आली. तलावाच्या उतारावर मला घेऊन गेली. तिची बोटं ब्रेकवर सहज टेकली, आणि तिने मला मोकळं सोडलं. मित्रांनो, ज्या कामासाठी मला घडवलं होतं ते मी त्या सकाळी पहिल्यांदा केलं. खाली पोचल्यावर ती रस्त्याच्या कडेला उभी राहून रडली. तिथे कुणी मोटारीत बसलेलं नव्हतं, दोरीही नव्हती. तिचं वय केव्हाच निघून गेलं होतं.

मित्रांनो, आम्हा वस्तूंना तोंड नसतं. तुम्हाला आहे. हौसेने काही दिलंत तर एकदा विचारा, बसतंय ना? आणि घेणाऱ्याने टोचत असेल तर सांगा. प्रेम आहे म्हणून गप्प बसू नका. आणि आमची काळजी म्हणजे आम्हाला झाकून ठेवणं नव्हे. आम्हाला रस्त्यावर न्या, आम्ही कुठे झिजलो ते बघा.

आता कोण कुठे आहे तेही सांगते. दुकानदार वारला, तिथे आता चष्मे मिळतात. प्रशिक्षक गावी गेले, भाजी पिकवतात म्हणे. थोरलीच्या डोळ्यांत मोतीबिंदू झाले, दुकान बंद झालं आणि ती चिमणीकडे राहायला गेली. चिमणीने तिकडे दुसरी सायकल घेतली. ती निवडताना तिने दुकानदाराला इतका वेळ पिडलं की त्याने तिला चहा पाजला. मला नेण्याइतकी जागा त्यांच्या घरात नाही. वर्षाकाठी कुणीतरी येतं, खिडकी उघडतं, हवा भरतं, जातं.

गेल्या खेपेला चिमणीसोबत तिची लेक आली होती. आई पुढच्या खोलीच्या खिडकीशी खटपट करत होती तोवर पोरगी माझ्यावर चढून बसली. हात पुढे केले, पोचले नाहीत.

"आई!" ती तिथूनच ओरडली. "ही मला मोठी होते!"

चिमणी दारात आली. लेकीकडे बघत राहिली आणि म्हणाली, "मग उतर की, राणी. तुझ्या मापाची बघू."

त्या दोघी गेल्या. खोलीत पुन्हा कुणी नव्हतं. पण त्या दिवशी मला एकटं वाटलं नाही.