जाहिरातीतलं हसू

रोवेना टीगला ते काम मिळालं तिच्या हसण्यामुळे. अमेरिकेतल्या चॅटनूगा शहरात ती एका दातांच्या दवाखान्यात फोन घ्यायची आणि हौस म्हणून नाटकांत कामं करायची. उदासीवरच्या गोळ्यांच्या जाहिरातीसाठी अटलांटाच्या एका जाहिरात कंपनीला शेजारपाजारची वाटेल अशी बाई हवी होती. आधी खिडकीशी खिन्न बसायचं, मग अंगणात खुर्ची रंगवत कुत्र्याकडे बघून खळखळून हसायचं. ती हसत असताना एक गोड आवाज दुष्परिणामांची जंत्री भराभर उरकायचा आणि शेवटी शब्द उमटायचे: ‘पुन्हा पूर्ण व्हा.’

जाहिरात बातम्यांच्या वेळी लागायला लागली. दुकानात लोक वळून बघायचे. रोवेनाला गंमत वाटायची.

तिची थोरली बहीण कोर्लिस नदीपलीकडे एकटी राहायची. नवरा गेल्यापासून ती मिटल्यासारखी झाली होती. चर्चमध्ये गाताना सगळ्यांच्या वर जाणारा तिचा आवाज. आता ती नुसते ओठ हलवायची. रोवेना चर्चला जायची नाही, पण रविवारी दुपारी बहिणीकडे जेवायला मात्र न चुकता जायची.

अशाच एका दुपारी मक्याचा पाव कापता कापता कोर्लिसने विचारलं, “तुला किती दिवसांनी गुण आला गं?”

“कशाचा?”

“त्या गोळ्यांचा. मी डॉक्टरांकडून मागून घेतल्या. मात्रासुद्धा वाढवली त्यांनी. गुण काही नाही, नुसतं तोंड कोरडं पडतं.”

रोवेनाला हसूच आलं. “अगं वेडे, मी कुठे घेतल्यात गोळ्या? जाहिरात होती ती. कुत्रासुद्धा भाड्याचा होता.”

कोर्लिसचा हात थांबला. “पण खिडकीत बसली होतीस ती? लहानपणी रडायच्या आधी ओठ चावायचीस, तश्शीच.”

“तसं बसायला सांगितलं होतं मला.”

“मला वाटलं, मला त्रास नको म्हणून तू लपवलंस.” कोर्लिस हळूहळू बोलत होती. “रडले मी तुझ्यासाठी. मग तुला हसताना बघितलं आणि चर्चमध्ये सगळ्यांसमोर उभी राहून देवाच्या कृपेची साक्ष दिली. म्हटलं, माझ्या बहिणीला देवाने पुन्हा अख्खं केलं. ते ऐकून आमच्या चर्चमधल्या ओपलनेही गोळ्या घेतल्या. तिला उतार पडला.”

“कोर्लिस, एकच औषध सगळ्यांना लागू पडत नाही.”

“एका आईच्या पोटच्या ना आपण? मला वाटत होतं, तुला लागू पडलं आणि मला नाही. मग वाटायला लागलं, माझ्यातच असं काही मोडलंय की तिथवर औषध पोचत नाही आणि प्रार्थनाही नाही.”

रोवेनाने तिला जवळ घेतलं. कोर्लिस लाकडासारखी उभी राहिली.

“मला एकदा विचारायचंस तरी.”

“तू विचारलंस कधी, मी कशी आहे? येतेस, जेवतेस, नाटकातल्या गमती सांगतेस.”



जाहिरात बंद करा म्हणून रोवेनाने अटलांटाला फोन केला. करार वर्षाचा आहे, असं तिकडून अगदी नम्रपणे सांगण्यात आलं. कोर्लिसला ती दुसऱ्या डॉक्टरांकडे घेऊन गेली. त्यांनी औषध बदललं, झोप थोडी सुधारली. पण कोर्लिसने चर्च सोडलं ते सोडलंच. “देवाच्या घरात खोटं बोलले मी,” एवढंच म्हणायची. कोर्लिसच्या घरी जाहिरात लागली की रोवेना टीव्ही बंद करायला धावायची. एकदा कोर्लिसने तिचा हात धरला. “राहू दे. ती बाई मला आवडते.”

शेवटी एका रविवारी रोवेना स्वतःच चर्चला गेली. दारातच ओपलने तिचे दोन्ही हात धरले. “बाई, तुला बघून मी अंथरुणातून उठले.” रोवेनाने तिथेच सगळं खरं सांगून टाकलं.  ओपल म्हणाली, “मी उठले ते काही खोटं नाही. कोर्लिसला म्हणावं, गाणाऱ्या बायकांत तिची जागा आम्ही कुणाला दिलेली नाही.”

रोवेना तशीच नदीपलीकडे गेली आणि निरोप सांगितला.

कोर्लिस घेवड्याच्या शेंगा मोडत होती. “जागा घेऊन काय करू,” ती म्हणाली. “बसले की गावं लागेल.”

रोवेनाने खुर्ची ओढली आणि पातेल्यातल्या मूठभर शेंगा आपल्या पुढ्यात घेतल्या. त्या दिवशी तिने नाटकातलं काहीच सांगितलं नाही.