उसना आवाज

मी एक जुना टेपरेकॉर्डर आहे. मित्रांनो, तुम्ही खिशात मावणाऱ्या यंत्रांच्या जमान्यातले, म्हणून आधीच सांगतो की मला उचलायला दोन माणसं लागतात. माझ्या अंगावर दोन मोठी चक्रं आहेत. एका चक्रावरची तपकिरी फीत दुसऱ्यावर गुंडाळली जाते आणि मधल्या वाटेत ती बोलते. समोर काचेमागे एक सुई आहे. कोणी बोललं की ती उठते, गप्प झालं की निजते.

कारखान्यात मला जोडणाऱ्या बाईने तपासणीसाठी माझ्यात स्वतःचं नाव उच्चारलं, ऐकलं आणि त्यावर दुसरंच काहीतरी बोलून ते पुसून टाकलं. आमच्या जातीची हीच रीत आहे. नवं घ्यायचं तर जुनं आधी पुसावं लागतं. त्या नावाची मला अजून चुटपूट लागते.

तिथून मी एका विद्यापीठात आलो, इंग्रजी भाषाशास्त्राच्या विभागात. शेजारच्या वर्गात शब्दांचे तुकडे पाडत. पलीकडे फळ्यावर वाक्यांची झाडं काढत, मूळ वर आणि फांद्या खाली. कोपऱ्यातल्या वर्गात अर्थावर वाद चालत आणि कोणाचं कोणाला पटत नसे. पण सुरुवात व्हायची ती माझ्या खोलीत, कारण आधी ध्वनी आणि मग बाकीचा पसारा. या खोलीच्या भिंतींना भोकांच्या फळ्या होत्या आणि दाराला आवाज अडवणारा लोकरीचा जाड नमदा. इथे टाळी वाजवली तर ती जागच्या जागी मरायची. नवी मुलं आत आली की उगाचच खाकरून पाहत.

ध्वनिशास्त्र शिकवणाऱ्या बाईंचा एक नेम होता. पहिल्या दिवशी प्रत्येकाने माझ्यासमोर इंग्रजी शब्दांची यादी वाचायची, मग आपल्या घराबद्दल थोडं इंग्रजीतच बोलायचं. ज्याचं त्याचं रीळ कपाटात जायचं. पुढे यायचा 'उसना आवाज' नावाचा सराव. अनोळखी माणसाचं रीळ ऐकायचं, त्यातला प्रत्येक ध्वनी, प्रत्येक चढउतार ध्वनिलिपीत उतरवायचा आणि त्यावरून हुबेहूब तसंच बोलून दाखवायचं. बाई म्हणत की दुसऱ्याच्या तोंडात जीभ कुठे लागते हे कळल्याशिवाय कान तयार होत नाही. त्या काळी माझा थाट काय वर्णावा! माझ्यापुढे बसायला मुलं रांग लावत.

त्यातच एक मुलगी होती. तिला आपण थोरली म्हणू. पहिल्या दिवशी ती हसत बोलली, 'घरी माझी एक धाकटी बहीण आहे. तिची बडबड कधीच थांबत नाही.' शेवटच्या वर्षी ती तापाने गेली. बाईंनी तिचं रीळ सगळ्यात वरच्या फळीवर ठेवलं.

पुढे संगणक आले आणि माझ्यावर कापड पडलं. कोणी माझ्यावर चहाचे कप ठेवले, कोणी छत्र्या. घर फिरलं की घराचे वासेही फिरतात, त्याचं रडगाणं मी गाणार नाही.

मग एके वर्षी धाकटी त्याच विभागात शिकायला आली. बाईंना ती म्हणाली की घरी ताईचे फोटो आहेत, पण आवाज कुठेच नाही. बाईंचं मन द्रवलं. त्यांनी माझ्यावरचं कापड काढलं, जुन्या नेमाने आधी धाकटीचं पहिल्या दिवशीचं रीळ भरून घेतलं, मग वरच्या फळीवरचं रीळ लावलं आणि सरावाला अनोळखी आवाजाऐवजी तिला बहिणीचाच आवाज दिला. तिचं मनही हलकं होईल आणि कानही तयार होईल, असा त्यांचा हिशेब. चूक झाली ती इथे.

फीत वर्षानुवर्षं घट्ट गुंडाळून ठेवली की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात झिरपतो. त्यामुळे थोरली बोलण्याआधी तोच शब्द अगदी बारीक ऐकू यायचा, आणि मग ती बोलायची. धाकटी पहिल्यांदा दचकली. पुढे पुढे त्या दोन आवाजांच्या मधल्या फटीत ती स्वतः बोलू लागली. रोज दुपारी यायची, हेडफोन चढवायची आणि तेच वाक्य घोकायची, 'घरी माझी एक धाकटी बहीण आहे.' आपलं किती जमलं ते पडताळायला ती मग रीळ बदलून स्वतःच्या रिळावर हे सगळं रेकॉर्ड करत असे. मला एका गोष्टीची भीती वाटायची. आवाज झिरपायला वर्षं जावी लागतात, पण तिच्या ताज्या रेकॉर्डिंगमध्येही प्रत्येक शब्दाआधी तो बारीक आवाज असायचा. तो तिचा नव्हता.

सरावात तिला पैकीच्या पैकी गुण मिळाले. बाईंनी तिची पाठ थोपटली.

त्यानंतर काही आठवड्यांनी तिची आई आली. शिवणकाम करणारी बाई, खांद्यावरची मापाची पट्टीही काढायची राहून गेलेली. धाकटीला घेऊन ती या खोलीत बाईंकडे आली आणि दार लागताच दडे बसल्यासारखे तिने कान चोळले.

"बाई, हिने वसतिगृहातून पहिल्यांदा या आवाजात फोन केला तेव्हा मला थोरलीच वाटली," ती म्हणाली. "मी घाबरले नाही. मीच म्हटलं, अजून बोल. दर फोनला म्हटलं. मला मोहच पडला हो. आता ही घरी येते, जेवायला बसते, तेव्हाही तीच बोलते. झोपेत बरळते तेही तिच्याच आवाजात. माझी धाकटी कुठे गेली?"

बाईंनी धाकटीला नेहमीसारखं बोलायला सांगितलं. ती बोलली, पण माझी सुई थोरलीसाठी उठायची तशीच उठली. धाकटीने हाताने तोंड झाकलं. तिच्या डोळ्यांतून पाणी वाहू लागलं.

बाई तिला धीर देत म्हणाल्या, "घाबरू नकोस, तुझं पहिल्या दिवशीचं रीळ आहे की. तुझाच आवाज तू उसना घे." त्यांनी रीळ लावलं. माझी चक्रं फिरली आणि थोरली बोलू लागली. बाईंनी फीत पुढे नेली, मागे नेली, उलटी करून लावली. सगळीकडे तीच होती. सरावाच्या नादात पोरीने आपल्याच पहिल्या दिवसावर रोज बहीण रेकॉर्ड केली होती. बाईंनी बटण दाबून मला थांबवलं.

आईने लेकीचे हात तोंडावरून दूर केले. तान्ह्या मुलाला बोलायला शिकवताना धरतात तशी तिची हनुवटी धरली.

"मला हाक मार," ती म्हणाली.

"आई."

आईने तिच्या गालांवरचं पाणी पुसलं. मग म्हणाली, "ओ, बाळा." दोन्ही लेकींना ती बाळाच म्हणत असे. तिने कोणाला ओ दिली ते मला कळलं नाही, आणि बाईंनी विचारायचं धाडस केलं नाही.

त्या दोघी घरी गेल्या. धाकटी परीक्षेला बसली नाही. ते रीळ अजून माझ्यावरच आहे, काढायला कोणी धजत नाही.

मित्रांनो, माझ्यावरची धूळ पुसा, माझ्या चक्रांना तेल घाला, एवढं मी मागितलं तर ते वावगं नाही. पण त्याआधी एक करा. तुमच्या घरात कोणाची बडबड थांबत नसेल, तर आज तिला गप्प करू नका. शेजारी बसा आणि ऐका. गेलेल्या माणसाचा आवाज मी सांभाळतो. घरात असलेल्या माणसाचा तुम्हीच सांभाळायचा आहे.