पद्धतीबाहेरचा टाका

सगळं हॉस्पिटल त्यांना मास्तर म्हणायचं, आणि ते काही उगाच नाही. रोबोच्या हातांनी स्वादुपिंडाचं ऑपरेशन कसं करायचं याची एक पद्धत मास्तरांनी बसवली होती आणि टीमकडून ती घोटून घेतली होती. कुठला टाका आधी, कुठला नंतर, कोणी कधी बोलायचं, सगळं ठरलेलं. "इथे कलाकारी नको," ते गरजायचे. "कोणीही केलं तरी सारखंच झालं पाहिजे!" त्यांच्या शिष्येनं एकदा स्वतःचं डोकं चालवलं, तर तिला चारचौघांत असं झापलं की बिचारी रडकुंडीला आली.

आणि हेच मास्तर, बरं का, दर ऑपरेशनला गुपचूप एक टाका जास्त घालायचे! स्वादुपिंड आतड्याला जोडून झालं की कोपऱ्यात एक, मनाच्या समाधानासाठी. तेवढ्यापुरतं कोणाचं लक्ष नको म्हणून एखादा विनोद सांगायचे. टीम पोट धरून हसायची आणि टाका होऊन जायचा.

मग मास्तरांच्याच स्वादुपिंडात गाठ निघाली. ऑपरेशन करणार कोण, तर तीच झापलेली शिष्या. बायको म्हणाली, "अहो, मग घाबरताय कशाला? कोणीही केलं तरी सारखंच होतं ना तुमच्यात?" पण कप्पाळ! पद्धतीत तो टाकाच नव्हता. तो नसला तर जोड गळेल आणि आपण काही परत घरी जात नाही, या धास्तीनं त्यांची झोप उडाली.

ऑपरेशनच्या सकाळी शिष्या खोलीत आली, तसं त्यांनी बायकोला काहीतरी निमित्त काढून बाहेर पिटाळलं.

"हे बघ," ते खाली मान घालून म्हणाले, "मी एक टाका जास्त घालतो. कोपऱ्यात. तुला कधी सांगितलं नाही."

"माहितीये, सर."

"कसं काय?"

"कॅमेऱ्यातलं सगळं दाखवणारा एवढा मोठा पडदा असतो समोर. सगळ्यांना दिसतं. तुम्हाला काय वाटलं, त्या विनोदांना हसतो आम्ही?"

मास्तरांचं तोंड एवढंसं झालं. "म्हणजे, तुम्हीही घालता?"

"छे. आम्ही पद्धतीनंच करतो. आमचेही पेशंट तुमच्यांसारखेच बरे होऊन घरी जातात. पडताळून पाहिलंय आम्ही, सर. त्या टाक्यानं काही फरक पडत नाही."

"मग बोलला का नाहीत मला?"

"तो घातला की तुमचा जीव भांड्यात पडायचा. पुढचं सगळं तुम्ही शांतपणे करायचात. म्हणून हसायचं ठरवलं आम्ही."

गाठीचं कळलं तेव्हाही वाटलं नव्हतं इतकं वाईट मास्तरांना आता वाटलं. पद्धत पद्धत म्हणून जन्मभर घसा कोरडा केला, आणि ती खरंच चालते हे कळायची ही वेळ!

"तुम्हाला घालू का तो?" शिष्येनं विचारलं.

"मुळीच नको!" मास्तर तडकले. "पद्धत म्हणजे पद्धत."

"बरं, सर." ती दारापर्यंत गेली.

"अगं ए," मास्तर हळूच म्हणाले, "घाल बाई एक. कोणाला कळू देऊ नकोस."