फ्रीझरच्या पोटातली ऊब

मी फ्रीझर बोलतोय. आडवा, पांढरा, झाकण वर उघडणारा. पांढरा म्हणायचीही आता सोय राहिली नाही म्हणा. समुद्राच्या खाऱ्या वाऱ्यानं पाय गंजलेत, अंगाच्या खपल्या निघतायत. तरी ओळख विचारली तर फ्रीझर एवढंच सांगतो. माझं दुसरं नाव, 'अंड्यांचं मशीन', या घरात आता कुणी घेत नाही.

जन्म कुठल्याशा कारखान्यातला, तो काही लक्षात नाही. लक्षात आहे ते ऑकलंडमधलं एक स्वयंपाकघर. तिकडे राहणाऱ्या टोंगन लोकांनी नवं सामान घेतलं की जुनं त्यांच्यानं टाकवत नाही, ते बेटावर घरच्यांना धाडतात. तसा मी गाद्या आणि सायकलींच्या मध्ये चेपून जहाजानं टोंगाच्या वावाऊ बेटावर आलो, लिसिआतेच्या घरी. बरीच वर्षं मेंढीचं चरबीदार मटण पोटात सांभाळलं. लग्न असो, मयत असो, गावाला आधी माझी आठवण यायची. मग एकदा कॉम्प्रेसर बसला आणि लिसिआतेनं मला मागच्या पत्र्याच्या शेडमध्ये नेऊन टाकलं. कोंबड्या झाकणावर बसायच्या, घाण करायच्या, आणि मी गप्प.

त्याच कोंबड्यांना हाकलायला लोसालिने आली. लिसिआतेची एकुलती एक मुलगी, आई लहानपणीच गेलेली. तिनं माझं झाकण उघडलं, आतल्या भिंतीवर टकटक केली आणि ओरडली, "बाबा, याच्या भिंती बघा केवढ्या जाड! थंडी धरतो तर ऊबही धरेल की!"

इतक्या वर्षांत माझ्याबद्दल इतकं चांगलं कुणी बोललं नव्हतं. खरं सांगतो, मी त्याच दिवशी त्या पोरीचा झालो.

तिची घाई उगीच नव्हती. आमच्या गावातली तरणी पोरं दर हंगामाला न्यूझीलंडला सफरचंदं तोडायला जातात. काही परत येतात, काही येतच नाहीत. यंदा लोसालिनेनं जायचं, असं तोकीलुपे आत्यानं ठरवलं होतं. घर लिसिआतेचं, पण शब्द आत्याचा. बापाची थोरली बहीण म्हटल्यावर तिच्यापुढे बोलणार कोण? सख्खा भाऊसुद्धा नाही. ती शेडमध्ये आली की लिसिआते बाहेर जायचा आणि पत्र्याआडून बोलायचा. थोरल्या बहिणीशी भावानं असंच अदबीनं वागायचं असतं.

"आत्या, मला नाही जायचं," लोसालिने म्हणाली. "बाहेरून चांगल्या जातीची उबवायची अंडी आणून मी इथंच पिल्लं काढीन. मोठी झाली की त्यांची अंडी नेआफूच्या बाजारात विकीन. गावात कुणाकडे आहेत अंड्यावरच्या चांगल्या कोंबड्या?"

आत्यानं मला वरपासून खालपर्यंत न्याहाळलं. "या मढ्यातून पिल्लं काढणार तू?"

"काढीन."

"बघू. ही पेटी पिल्लांनी भरलेली दाखव, मग राहा. नाहीतर सामान बांध."

पत्र्याबाहेरून लिसिआते खाकरला. तेवढंच त्याचं मत.

पहिली खेप फसली. माझ्या तळाशी तिनं दोन बल्ब लावले होते. मध्ये उकाडा, कोपऱ्यात गारवा. त्यात ती दर थोड्या वेळानं झाकण उघडून बघायची. आतला ओलावा निघून जायचा. पाच-सहा पिल्लं बाहेर आली, बाकीची कोरड्या पडद्यात अडकून कवचातच गेली. लोसालिने एकेक अंडं फोडून बघायची आणि डोळे पुसायची. आत्या आली, मोजक्या पिल्लांकडे पाहिलं, म्हणाली, "हिला काय भरलेली पेटी म्हणायचं?" पण बोचकं बांध म्हणाली नाही. हंगामाला अवकाश होता.

मग लागली पोर माझ्यामागे. जुन्या कॉम्प्युटरचा पंखा काढून माझ्या आत बसवला, म्हणजे ऊब सगळीकडे फिरेल. कडेला भोकं पाडली, म्हणजे पिल्लांना श्वास घेता येईल. ओल्या फडक्याची थाळी ठेवली. ऑकलंडच्या मावशीकडून काडेपेटीएवढा थर्मोस्टॅट मागवला, तापमान वाढलं की बल्ब बंद, उतरलं की चालू. झाकणाला चौकोन कापून काच लावली आणि काचेमागे थर्मामीटर टांगला. आता झाकण न उघडताच सगळं दिसायचं. मला मात्र भोकं पाडताना जीव नकोसा झाला, पण तोंडातून ब्र काढला नाही. काढणार तरी कसा!

अडचण एकच उरली, रविवार. अंडी दिवसातून काही वेळा फिरवावी लागतात, नाहीतर पिल्लू कवचाला चिकटतं. आणि आमच्याकडे रविवारी काम करायचं नाही. पोहायचं नाही, मासे मारायचे नाहीत, झाडूसुद्धा नाही. पहाटे उमूत, म्हणजे जमिनीतल्या खड्ड्यात तापल्या धोंड्यांवर, जेवण पुरायचं आणि चर्चला जायचं, बस्स. आत्यानं बजावलं, "रविवारी या पेटीला हात लावायचा नाही."

"आत्या, कोंबडी रविवारी अंडी फिरवतेच ना?"

"कोंबडीचा बाप्तिस्मा झालेला नाही. तुझा झालाय."

पण लोसालिने कुठली हार मानते! अंड्यांची थाळी तिनं मधोमध कांबीवर तोलली आणि एका टोकाला डबा बांधला. वरच्या बादलीतून डब्यात थेंबथेंब पाणी पडायचं. डबा भरला की थाळी एका बाजूला कलायची, पाणी नळीतून ओघळलं की परत दुसऱ्या बाजूला. शनिवारी बादली भरली की रविवार आपोआप निघायचा.

चर्चला जाताना आमच्याकडे कमरेला चटई गुंडाळतात, ती तशीच ठेवून आत्या तपासायला आली. बराच वेळ बघत राहिली. थाळी कलली.

"हे काम कोण करतंय?"

"पाणी."

"हं. पाण्याला पाप लागत नसेल बहुतेक," आत्या म्हणाली, आणि जाताना माझ्या झाकणावर हळूच हात ठेवून गेली. तो हात मला कळला. त्या बाईला पोर जायला नकोच होती. आई गेल्यापासून तिनंच तिला वाढवलं होतं. इथं उपाशी कशाला मरायचं, एवढ्यासाठीच ती पोरीला धाडायला निघाली होती.

दुसरी खेप मात्र अशी जमली की काय सांगू! तीन आठवडे भरत आले तेव्हा जवळजवळ प्रत्येक अंडं जिवंत होतं. शेवटी अंडी हलवायची नसतात, म्हणून थाळी बांधून ठेवली. रविवारी सकाळी आतून चोची लागायला लागल्या. टिकटिक, चिवचिव, माझं सगळं पोट बोलत होतं. लोसालिनेनं काचेला नाक लावलं आणि नाचतच चर्चला गेली.

आणि वीज गेली.

पुढचं चर्चमधलं मी नंतर बायकांच्या बोलण्यातून ऐकलं. छतावरचे पंखे थांबले. लोसालिनेच्या चेहऱ्यावरचा रंग उडाला. तिनं आत्याकडे पाहिलं. सगळ्यांना वाटलं, आत्या डोळे वटारणार. आत्यानं हनुवटीनं दाराकडे खूण केली, जा! पोर धावली ती थेट धक्क्यावर, चुलतभावाचा जनरेटर आणायला. आणि पाठोपाठ, पाद्री बोलत असताना, तोकीलुपे आत्या स्वतः उठली. जन्मात पहिल्यांदा.

इकडे मी काय सांगतोय ते नीट ऐका. माझं बरं चाललं होतं. बल्ब विझले होते, पण माझ्या भिंती जाड आहेत, आणि पिल्लांची स्वतःचीही ऊब होती. काचेमागचा पारा जेमतेम हलला होता. दुपारपर्यंत मी सहज तग धरला असता. पण हे तिला कोण सांगणार?

आत्या धापा टाकत आली. तिनं उमू उकरला, जेवण बाजूला फेकलं, तापलेले धोंडे केळीच्या पानांत गुंडाळून टोपलीतून आणले. मागून लिसिआते पोचला. तो पत्र्याबाहेरच थांबला.

"ताई, आधी पारा बघता का जरा? लोसालिने म्हणते, पारा बघितल्याशिवाय..."

"गप रे! लेकरं गारठतायत!"

तिचा शब्द त्यानं कधी मोडला नव्हता, त्या दिवशी तरी कसा मोडणार! आत्यानं झाकण उघडलं, अंड्यांच्या दोन्ही अंगांनी धोंडे रचले, झाकण लावलं. शिवाय ऊब बाहेर जाऊ नये म्हणून माझी भोकं फडक्यांनी बुजवली. मग गुडघे टेकून प्रार्थना करत बसली. "देवा, रविवार मी मोडलाय, माझ्यावर काढ. पोरीवर नको."

माझ्या पोटातली चिवचिव आधी वाढली. मग एकेक आवाज थांबत गेला. पारा नळीच्या टोकाला गेला होता. मी ओरडत होतो, पण ज्याला तोंडच नाही त्याचं ओरडणं कोण ऐकणार? हे दुःख मला जन्मभर पुरेल.

लोसालिने जनरेटर ढकलगाडीवर घालून आली. तिनं काचेतून पाहिलं. पारा पाहिला. झाकण उघडलं तर वाफ तोंडावर आली. तिनं पाठीमागे गुडघ्यांवर बसलेल्या आत्याकडे पाहिलं. क्षणभरच. मग धोंडे काढून बाजूला ठेवले आणि शांतपणे म्हणाली, "वीज गेली तेव्हाच गेली ती, आत्या. थंडीनं. तुम्ही तुमच्याकडून केलंत."

गावात मात्र कुजबुज झालीच. रविवार मोडला, दुसरं काय होणार, म्हणे. आत्यानं ते मान खाली घालून ऐकून घेतलं. लोसालिनेनं तिसऱ्या खेपेचं नाव काढलं नाही. हंगाम सुरू झाला आणि ती गेली.

त्याला बरेच हंगाम झाले. इतर पोरं मधूनमधून घरी येतात, ही येत नाही. फोन करते. शेडच्या दाराशीच तेवढी रेंज येते, म्हणून लिसिआते माझ्यावर बसून बोलतो आणि मला सगळं ऐकू येतं.

"ये की गं पोरी आता. आत्या थकल्यात."

"बाबा, आत्यांच्या समोर उभी राहिले ना, तर माझ्या तोंडावर त्यांना सगळं वाचता येईल. त्यांच्या हातून झालं हे त्यांना कळलं तर त्या खचतील. नकोच ते."

आणि आत्या? ती आता काठी टेकत येते. माझ्या पोटात आता चर्चच्या चटया ठेवलेल्या असतात. परवा चटई काढता काढता ती थबकली आणि माझ्याशी बोलायला लागली. दुसरं होतंच कोण तिथं.

"जन्म माझा उमूपाशी गेला. शिजलेलं कुठलं आणि गारठलेलं कुठलं, मला कळत नाही होय रे? त्याच दिवशी कळलं. पण पोर माझ्यासाठी पहिल्यांदाच खोटं बोलली. कळलंय म्हटलं असतं तर तिनं कुठं तोंड लपवलं असतं? म्हणून गप्प राहिले. आता वाटतं, बोलायला हवं होतं. येत का नाही ती? रागावलीय का माझ्यावर?"

नाही हो आत्या, नाही! पण माझं ऐकतं कोण?

म्हणून तुम्हाला हात जोडतो. तुमच्यापैकी कुणी कधी तिकडे गेलात, सफरचंदांच्या वखारीत लोसालिने नावाची टोंगन बाई भेटली, तर तिला एवढंच सांगा, आत्याला माहीत आहे. पहिल्या दिवसापासून माहीत आहे. काही लपवायचं उरलेलं नाही, ये घरी. आणि लवकर सांगा. शेडपर्यंत येतानासुद्धा आता ती वाटेत दोनदा बसते.