माशांचा खटला

वकीलसाहेबांचे दोन जन्म झाले होते, आणि दोन्ही याच आयुष्यात. पहिल्या जन्मात ते केंद्र सरकारच्या तपास खात्यात अधिकारी होते. बंद खोलीत भल्याभल्यांना समोर बसवून पोपटासारखं बोलायला लावायचं, ही त्यांची ख्याती. मग त्यांच्या लक्षात आलं की आपण घाम गाळून पकडलेला माणूस कोर्टातून हसत बाहेर येतो, आणि त्याला सोडवणारा वकील आपल्यापेक्षा मोठ्या गाडीतून घरी जातो. त्यांनी राजीनामा दिला आणि काळा कोट चढवला. पूर्वी लोकांना बोलतं करण्याचा पगार घ्यायचे, आता गप्प बसवण्याची फी घेऊ लागले. बायको म्हणायची, "माणसं तीच आहेत, याने फक्त खुर्ची बदलली."

नव्या धंद्यात ते एक गोष्ट पक्की शिकले होते. अशिलाला 'तू हे केलंस का?' असं विचारायचं नाही. विचारून फायदा काय? केलेलं असतंच. कावीळ झालेल्याला जग पिवळं दिसतं, तसं साहेबांना जग अशिलांनी भरलेलं दिसायचं.

आणि एक दिवस त्यांची मुलगीच अशील झाली.

ती आठवीत होती. शाळेच्या प्रयोगशाळेत माशांची काचेची टाकी होती आणि तिची सगळी उस्तवार हिच्याकडे. मासे जिवापाड जपायची. सोमवारी सकाळी टाकीतलं पाणी शाईने निळं झालेलं आणि मासे उलटे तरंगताना सापडले. प्रयोगशाळेची किल्ली हिच्याकडे. त्यात आदल्या आठवड्यात विज्ञानाचे सर हिला वर्गात सगळ्यांसमोर बोललेले. सरांनी दोन अधिक दोन केले आणि पालकांना बोलावणं धाडलं. वर्गातल्या मैत्रिणींनी तोवर डबा खायला दुसरा बाक शोधला होता. तिला शिक्षेची भीती नव्हती. 'हिने मासे मारले' हे नाव तिला नको होतं, बस.

बोलावणं आलं त्या संध्याकाळी ती बापाच्या खोलीत आली. डोळे रडून सुजलेले.

"बाबा, मला तुला सांगायचंय. सोमवारी मी आत गेले ना, तेव्हा..."

"थांब!" साहेबांनी चौकातल्या पोलिसासारखा हात वर केला. "एक शब्द बोलू नकोस. मला नाही, आईला नाही, आणि शाळेत तर ब्रसुद्धा काढायचा नाही. मी बघतो काय ते."

"अरे पण ऐक तरी!"

"मी आहे ना? जा, झोप शांत."

या माणसाचं लेकीवर प्रेम नव्हतं असं म्हणेल त्याची जीभ झडो. ती गेल्यावर साहेब उशिरापर्यंत खोलीत येरझारा घालत होते. पोरीने रागाच्या भरात ओतली असेल शाई, लहान आहे. बापाने नाही सोडवायचं तर कोणी सोडवायचं? त्यांनी मोठ्या मनाने तिला माफ करून टाकलं.

दुसऱ्या दिवशी साहेब बायको-लेकीला घेऊन शाळेत गेले. मुख्याध्यापिकांच्या खोलीत त्यांनी जे काही केलं, ते पाहायला तिकीट लावायला हवं होतं. विज्ञानाच्या सरांना त्यांनी उभं-आडवं घेतलं.

"मासे शाईनेच मेले, कशावरून?"

"पाणी निळं होतं की!"

"मी पाणी विचारलं नाही. शवविच्छेदन केलंत?"

"माशांचं?"

"मेलं कोण, सर? मासेच ना?"

सर घामाघूम झाले. मुख्याध्यापिका कपाळ चोळत बसल्या. इतक्यात दार ढकलून गाण्याच्या बाई आत आल्या. बाई स्वभावाने भित्र्या, बोलल्या तरी माफी मागितल्यासारखं बोलायच्या. "मला जरा सोमवारचं सांगायचं होतं," त्या म्हणाल्या.

मुलगी खुर्चीत ताठ झाली. साहेबांना वाटलं, साक्षीदार बघून पोरगी दचकली. वीस वर्षं माणसं वाचण्यात घालवलेला हा माणूस!

"त्या सकाळी माझी मुलगी तुम्हाला प्रयोगशाळेत दिसली? हो की नाही?"

"हो, पण मी तिच्या..."

"पण नको. तुमचा चष्मा कुठे आहे?"

"फुटलाय. नवा करायला टाकलाय."

"कधी फुटला?"

"रविवारी."

"अस्सं! समोरच्या भिंतीवरची पाटी वाचा बघू."

बाईंना पाटीच नीट दिसेना. मुलीने बापाची बाही ओढली, त्याने तिचा हात दाबून खाली ठेवला. "झालं तर मग!" साहेब म्हणाले. बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं आणि त्या आल्या तशा निघून गेल्या.

"पुरावा नाही, तेव्हा संशयाचा फायदा," मुख्याध्यापिका कंटाळून म्हणाल्या. "विषय संपला. प्रयोगशाळेची किल्ली मात्र देऊन जा."

साहेब गाडीकडे निघाले ते विजयी वीरासारखे. मागून आई. व्हरांड्यातल्या मुली लेकीला बघून बाजूला सरल्या. एकीने दुसरीच्या कानात म्हटलं, "वकिलाची ना, सुटणारच."

गाडीत ती बापाशेजारी बसली. साहेब शीळ घालत होते.

"बाबा, मी शाई ओतलीच नव्हती."

शीळ थांबली.

"त्या दिवशी गाण्याच्या बाई आणि मी बरोबरच आत गेलो. कुलूप काढलं, बाईंनी दिवा लावला, तर पाणी आधीच निळं. मी रडत होते, बाईंनी मला जवळ घेतलं. तेच सांगायला आल्या होत्या त्या."

साहेबांनी गाडी कडेला घेतली. "मग उद्या परत येऊ. बाईंना बोलावू, त्यांची साक्ष..."

"त्यांना दिसत नाही. तूच सिद्ध केलंस ना?"

मागच्या सीटवर आईने डोळे मिटून घेतले. साहेबांनी खाकरून घसा साफ केला.

"बाबा, तुला वाटलं होतं, मी मारले मासे?"

एवढं एक 'नाही' म्हणायचं होतं. खोटं तर खोटं. कोर्टात उठता बसता बोलत होतेच. पण साहेबांनी मान वळवली, लेकीच्या चेहऱ्याकडे निरखून पाहिलं, आणि हलकेच विचारलं, "खरंच नाही ना मारलेस?"

तिने पट्टा सोडला, दार उघडून खाली उतरली, आणि मागे आईशेजारी जाऊन बसली.